मरळीसाठी काठी, दोरा आणि गळ

मार्कंड्याला वैनगंगा उत्तरवाहिनी होते. देवळाचा घाट सोडा. पुढे संथ पाण्यात, गवताच्या आडोशाला मरळ दबा धरून बसते. तिच्यासाठी काठी मानवेलाची घ्या. कटांग जाड दिसतो, पण आतून पोकळ. मानवेल बुंध्याकडे भरीव, झटका सोसतो. सावलीत वाळवूनच वापरा. दोरा जाड नायलॉनचा हवा. मरळीचे दात तीक्ष्ण, शिवाय गळाला लागताच ती गवतात शिरते. आमिषाला बेडूक नको, तो धानातले किडे खातो. लहान मासळी लावा.

पावसाळ्यात पाण्यावर तांबड्या पिल्लांचा थवा दिसला तर तिथे गळ टाकूच नका. खाली आईबाप राखणीला असतात. ते गेले, की पिल्लं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात.