चित्ताची चिकित्सा : पातंजल योग आणि दुःखाचे निदान

पतंजलींच्या योगसूत्रांवर व्यासांच्या नावाने ओळखले जाणारे प्राचीन भाष्य दुःखाचे विवेचन करताना योगशास्त्राची तुलना थेट वैद्यकाशी करते. वैद्यकाचे जसे रोग, रोगाचे कारण, आरोग्य आणि औषध असे चार विभाग असतात, तसेच संसार, संसाराचे कारण, मोक्ष आणि मोक्षाचा उपाय असे या शास्त्राचेही चार विभाग आहेत, असे भाष्यकारांचे प्रतिपादन आहे. आज योग हा शब्द उच्चारताच आसनांचे वर्ग आणि शरीराची लवचिकता डोळ्यांपुढे येत असली, तरी सुमारे १९५ सूत्रांच्या या ग्रंथात आसनाविषयी अवघी तीन सूत्रे आहेत आणि उरलेला जवळजवळ सर्व विचार चित्ताचा, म्हणजे मन, बुद्धी आणि अहंकार यांच्या एकत्रित व्यापाराचा आहे, ही गोष्ट लक्षात घेतली की भाष्यकारांची तुलना केवळ अलंकारिक नाही हे पटते. माणूस दुःखी का होतो आणि त्या दुःखाचे मूळ कोठे असते, हाच या ग्रंथाचा मुख्य प्रश्न आहे.

दुःखाचे हे निदान पतंजली शरीरापासून सुटे करून मांडत नाहीत, आणि त्यांच्या विचाराचे सर्वांत मोठे बळ याच ठिकाणी आहे. ग्रंथाच्या पहिल्या पादात, म्हणजे प्रकरणात, त्यांनी चित्ताला विचलित करणारे नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, सांगितले असून त्यांत शारीरिक व्याधी, मनाची जडता, संशय, बेफिकिरी, आळस, विषयांची ओढ, चुकीची समजूत, साधनेत पुढची पायरी न गाठता येणे आणि गाठलेल्या पायरीवर न टिकणे यांचा समावेश होतो. या अंतरायांपाठोपाठ चार सोबती येतात: दुःख, दौर्मनस्य म्हणजे इच्छाभंगातून येणारी खिन्नता, अंगमेजयत्व म्हणजे अवयवांचा कंप, आणि विस्कळीत झालेले श्वास-प्रश्वास. शोक, खिन्नता, थरथर आणि बिघडलेला श्वास यांना एकाच सूत्रात शेजारी शेजारी बसवणारा हा विचार सुमारे दीड ते दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. मन खचले की शरीरही खचते, आणि म्हणून शरीराच्या वाटेने मनापर्यंत पोहोचता येते, ही या मांडणीतून आपोआप निघणारी दिशा होय.

भगवद्गीतेचा पहिला अध्याय याच निरीक्षणाची साक्ष देतो. रणांगणावर आप्तांना समोर पाहून अर्जुनाची गात्रे गळतात, तोंड कोरडे पडते, अंगाला कंप सुटतो आणि हातातील गांडीव निसटू लागते. अतितीव्र भावनिक आघाताची ही लक्षणे आजचा कोणताही वैद्य ओळखील. या अध्यायाला परंपरेने ‘अर्जुनविषादयोग’ असे नाव दिले आहे, म्हणजे विषादाची अवस्थाही योगाच्या वाटेवरील एक टप्पा मानली आहे. दुःखी माणसाला दुर्बल ठरवून दूर न सारणारी ही दृष्टी आज विशेष मोलाची वाटते.

दुःखाच्या मुळाशी पतंजली पाच क्लेश पाहतात. अविद्या म्हणजे अनित्याला नित्य आणि दुःखाला सुख समजणे. अस्मिता म्हणजे पाहणारा चैतन्यरूप आत्मा आणि पाहण्याचे साधन असलेली बुद्धी यांना एकच मानणे. राग म्हणजे भोगलेल्या सुखाची ओढ. द्वेष म्हणजे भोगलेल्या दुःखाविषयीचा तिटकारा. आणि अभिनिवेश म्हणजे मरणाचे भय, जे विद्वानालाही सुटत नाही असे ग्रंथकार स्पष्ट म्हणतात. या क्लेशांच्या चार अवस्था सांगताना त्यांनी जी सूक्ष्मता दाखवली आहे, ती मानवी भावनांचा जवळून अभ्यास केल्याशिवाय येणे शक्य नाही. क्लेश प्रसुप्त, म्हणजे बीजरूपाने झोपलेला असू शकतो. साधनेने तनू, म्हणजे क्षीण झालेला असू शकतो. दुसऱ्या प्रबळ भावनेमुळे विच्छिन्न, म्हणजे तात्पुरता दबलेला असू शकतो. किंवा उदार, म्हणजे पूर्ण जोराने कार्यरत असू शकतो. वरवर शांत दिसणाऱ्या माणसाचा द्वेष कित्येकदा विच्छिन्न अवस्थेतला असतो, आणि तो शमला आहे असा समज करून घेणे ही आत्मवंचना ठरते. तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान या तिहींच्या क्रियायोगाचे प्रयोजन सांगताना पतंजली क्लेश समूळ नष्ट होतात असे म्हणत नाहीत, ते क्षीण होतात असे म्हणतात; पुढे विवेकज्ञानाने क्लेश भाजलेल्या बियांसारखे होतात आणि त्यांना पुन्हा अंकुर फुटत नाही, असे भाष्यकार सांगतात. तत्काळ मुक्ततेचे आश्वासन देणाऱ्या आजच्या अनेक शिबिरांच्या तुलनेत ही संयत भाषा अधिक विश्वासार्ह आहे.

उपायांमध्ये श्वासाचे स्थान फार वरचे आहे. श्वास सावकाश बाहेर सोडून तो काही काळ बाहेरच धारण करण्याने चित्त प्रसन्न होते, असे पहिल्या पादातच सांगितले आहे, आणि पंधराव्या शतकातील स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेने श्वास हलला की चित्त हलते आणि श्वास स्थिर झाला की चित्तही स्थिर होते, हाच संबंध अधिक ठामपणे मांडला आहे. शरीरविज्ञानाच्या भाषेत याचे स्पष्टीकरण स्वायत्त मज्जासंस्थेत सापडते. या संस्थेचा अनुकंपी विभाग संकटाच्या वेळी हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवून शरीराला लढण्यास किंवा पळण्यास सज्ज करतो, तर परानुकंपी विभाग विश्रांती, पचन आणि झीज भरून काढण्याची कामे पाहतो. हृदयाचा वेग, पचन, घाम या गोष्टी थेट इच्छेने बदलता येत नाहीत. श्वास मात्र आपोआप चालतो आणि इच्छेने बदलताही येतो, म्हणून या संस्थेत शिरण्याचा तो एकमेव सहज मार्ग ठरतो. श्वास घेताना हृदयाचा वेग किंचित वाढतो आणि सोडताना मेंदूपासून छाती व पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूच्या प्रभावाने तो कमी होतो. त्यामुळे उच्छ्वास लांबवला की शरीराला धोका टळल्याचा संदेश मिळतो. चिंतेने ग्रासलेल्या माणसाला शांत राहण्याचा उपदेश निरुपयोगी ठरतो, कारण त्याचे शरीर त्या क्षणी उपदेश ऐकण्याच्या स्थितीतच नसते.

या संबंधाचा प्रयोगशाळेत अभ्यास करण्याचा आरंभ मोठ्या प्रमाणात महाराष्ट्रात झाला. नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदास यांच्या दोन शिष्यांनी योगाला मठाबाहेर आणले: श्री योगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईजवळ वर्सोवा येथे योग संस्था सुरू केली, आणि स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना करून त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करताना पोटातील दाब कसा बदलतो हे कुवलयानंदांनी मोजले, क्ष-किरणांचा उपयोग केला, आणि जे मोजता आले नाही ते सिद्ध झाल्याचा दावा करण्याचे टाळले. पुण्यात १९३७ पासून शिकवणाऱ्या बी. के. एस. अय्यंगार यांनी, बालपणी स्वतः क्षय आणि मलेरिया सोसलेले असल्यामुळे असेल, आजारी आणि थकलेल्या शरीराचा विचार आसनाच्या केंद्रस्थानी आणला. लाकडी ठोकळे, पट्टे, खुर्च्या, लोड आणि घोंगड्या यांचा आधार देऊन छाती उघडणारी आसने कष्टाविना दीर्घकाळ करवण्याची त्यांची पद्धत खिन्नतेने वाकलेल्या माणसाला विशेष उपयोगी ठरते, कारण खांदे पुढे झुकलेल्या आणि छाती आखडलेल्या स्थितीत श्वास उथळच राहतो.

मानसिक आघाताच्या उपचारात योगाचे स्थान तपासणारे एक महत्त्वाचे संशोधन अमेरिकेत बेसेल व्हॅन डर कोल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. अत्याचारादी घटनांनंतर दीर्घकाळ आघातोत्तर तणावविकाराने पीडित असलेल्या आणि इतर उपचारांना दाद न देणाऱ्या ६४ स्त्रियांचे दोन गट करून एका गटाला १० आठवडे योगवर्ग आणि दुसऱ्याला तेवढाच काळ आरोग्यशिक्षणाचे वर्ग देण्यात आले. अखेरीस योगगटातील ५२ टक्के, तर दुसऱ्या गटातील २१ टक्के स्त्रिया त्या विकाराच्या निकषांत बसत नव्हत्या. या वर्गांची पद्धत संख्येहून अधिक बोलकी आहे. शिक्षक आज्ञा देत नसे, पर्याय सुचवत असे, आणि हात लावून आसन सुधारणे टाळले जाई, कारण ज्या व्यक्तीच्या शरीरावर दुसऱ्याने सत्ता गाजवली आहे, तिला आपल्या शरीरावरील निर्णयाचा अधिकार परत मिळणे हाच उपचाराचा गाभा असतो. आपल्याकडील गजबजलेल्या वर्गांत, जेथे विद्यार्थ्याला न विचारता त्याचे खांदे दाबले जातात, तेथे हा धडा अद्याप पोहोचायचा आहे. याच संदर्भात हेही सांगणे आवश्यक आहे की तीव्र अवसाद, आत्महत्येचे विचार किंवा भ्रम असताना मानसोपचारतज्ज्ञाची मदत घेणे अपरिहार्य असते, योगाच्या भरवशावर औषधे स्वतःहून बंद करणे घातक ठरते, आणि दीर्घ कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, किंवा वेगवान प्राणायाम अशा अवस्थेत अस्वस्थता वाढवू शकतात.

व्यक्ती एकटीच बरी होत नाही, तिचे इतरांशी असलेले नातेही बरे व्हावे लागते, हे पतंजलींनी चार भावनांच्या सूत्रात ओळखले आहे. सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखिताविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता म्हणजे आनंद, आणि पापाचरणाविषयी उपेक्षा जोपासली असता चित्त निर्मळ होते, असे ते सांगतात. बौद्ध परंपरेत याच चार भावना ब्रह्मविहार म्हणून प्रसिद्ध आहेत. येथील उपेक्षा म्हणजे अन्यायापुढे मान तुकवणे नव्हे. अपराध करणाऱ्याच्या आठवणीत आपले चित्त सतत जळत ठेवण्याचे नाकारणे एवढाच तिचा अर्थ आहे, आणि न्यायासाठी उभे राहण्यास ती कोठेही आड येत नाही.

येथपर्यंतचा मार्ग मानसशास्त्राशी समांतर जातो. यापुढे मात्र योग स्वतःच्या वाटेने निघतो. सांख्यांप्रमाणे पतंजलीही द्रष्टा आणि दृश्य यांत मूलभूत भेद मानतात: शोक, भय आणि आनंद हे चित्ताचे परिणाम असल्याने दृश्याच्या बाजूला मोडतात, आणि त्यांना जाणणारा पुरुष, म्हणजे चैतन्यरूप आत्मा, त्यांनी कधीच मलिन होत नाही. ध्यानात शोक उठतो, त्याची धग छातीत जाणवते, श्वास अडखळतो, आणि तरीही हे सर्व जाणले जात आहे याचे भान टिकते; हे भान अभ्यासाने दृढ झाले की गेलेल्या माणसाची आठवण थांबत नाही, पण आठवण म्हणजेच आपण, ही गाठ सैल होऊ लागते. अध्यात्म आणि भावनिक उपचार यांची भेट योगात या ठिकाणी होते. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये पूर्ण केलेल्या टीकेत गीतेचा सहावा अध्याय विस्ताराने उलगडला, तेव्हा साधकाची आसनसिद्धी, प्राणाची गती आणि मनाचा लय हे सर्व त्यांनी लोकभाषेत आणले. ज्यांना संस्कृत सूत्रे कधीच वाचता आली नसती, त्यांच्यासाठी योग त्या वेळेपासून मराठीत बोलत आला आहे.