विश्लेषण : दोन सीटची स्पोर्ट्स रोडस्टर रोजच्या वापराला चालते का? स्पीड ब्रेकर, पाऊस आणि डिकीचं गणित काय सांगतं?

छत उघडणारी, दोनच सीट असलेली, जमिनीला चिकटून धावणारी गाडी म्हणजे रोडस्टर. रील्समध्ये ती कायम समुद्राकाठच्या रिकाम्या रस्त्यावर दिसते. पण हीच गाडी रोज सकाळी ऑफिसला न्यायची, संध्याकाळी येताना किराणा भरायचा आणि रात्री सोसायटीच्या बेसमेंटमध्ये लावायची म्हटलं तर? अमेरिका, ब्रिटन आणि जपानमध्ये असंख्य लोक हे रोज करतात. जुलै २०२५ मध्ये एमजीने सायबरस्टर ही इलेक्ट्रिक रोडस्टर भारतात आणल्यापासून आपल्याकडेही हा प्रश्न नव्याने विचारला जातोय. त्यामुळे स्वप्न थोडं बाजूला ठेवून आकडे पाहू.

चर्चा नेहमी माझ्दा एमएक्स-५ पाशीच का येते?

कारण ‘रोज चालवता येणारी रोडस्टर’ ही कल्पनाच या गाडीने रुजवली. साठ-सत्तरच्या दशकात रोडस्टर म्हणजे ब्रिटिश गाडी : एमजी, ट्रायम्फ, लोटस. दिसायला देखण्या, पण तेल गळणं आणि वायरिंग दगा देणं यासाठीही तितक्याच प्रसिद्ध. एमजीबीचं उत्पादन १९८० मध्ये थांबलं आणि स्वस्त रोडस्टरचा बाजार जवळपास ओस पडला. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये माझ्दाने एमएक्स-५ दाखवली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. १.६ लिटरचं साधं इंजिन, वजन टनापेक्षा कमी, आणि मुख्य म्हणजे सकाळी किल्ली फिरवली की सुरू होणारी. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ तयार झाली. सर्वाधिक खपाच्या दोन सीटर रोडस्टरचा गिनेस विक्रम तिच्याच नावावर आहे.

सध्याची चौथी पिढी २०१५ पासून बाजारात आहे. तिची लांबी ३,९१५ मिमी, रुंदी १,७३५ मिमी. आता आपली मारुती स्विफ्ट घ्या : लांबी ३,८६० मिमी, रुंदी १,७३५ मिमी. म्हणजे रस्त्यावर दोघींना जागा जवळपास सारखीच लागते. फरक उंचीत आहे. स्विफ्ट १,५२० मिमी, तर एमएक्स-५ साधारण १,२३० मिमी. जवळपास एका फुटाचा हा फरकच पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळ आहे.

सामान मावतं का?

एमएक्स-५ ची डिकी १३० लिटरची, स्विफ्टची २६५ लिटरची. १३० लिटर म्हणजे विमानात केबिनमध्ये नेतो तशा दोन लहान बॅगा, आणि त्याही शक्यतो कापडी. आठवड्याचा किराणा आरामात बसतो, महिन्याचा नाही. ग्लोव्ह बॉक्स नाही, त्याऐवजी दोन सीटच्या मधे मागच्या बाजूला एक छोटा कप्पा आहे. बहुतेक देशांत स्टेपनीही मिळत नाही, पंक्चर दुरुस्तीचा संच मिळतो.

हे ऐकायला वाईट वाटतं, पण ऑफिसला जाताना आपण नेतो काय? लॅपटॉपची बॅग आणि डबा. सिग्नलला शेजारच्या गाड्यांमध्ये डोकावून पाहा, पाचपैकी चार सीट बहुतेक रिकाम्याच असतात. एका माणसाच्या प्रवासासाठी दोन सीट पुरेशा आहेत. अडतं ते अपवादाच्या दिवशी : आईवडिलांना स्टेशनवरून आणायचं, मित्राचं घर हलवायचं, गणपती आणायचा. (मूर्ती मांडीवर घेऊन एक जण बसेल, पण मग घरातल्या बाकीच्यांनी रिक्षा करायची.)

लहान मूल असेल तर हिशोबच बदलतो. मागे तोंड करून बसवायची चाइल्ड सीट चालू एअरबॅगसमोर लावणं जिवावर बेतू शकतं. दोन सीटच्या गाडीत मागची सीटच नसल्याने ती पुढे लावावी लागते आणि त्यासाठी प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग बंद होण्याची सोय गाडीत आहे का, हे मॅन्युअलमध्ये पाहणं आवश्यक ठरतं. आणि तेव्हाही आई किंवा बाबा, दोघांपैकी एकच त्या गाडीत असणार.

स्पीड ब्रेकरवर खरंच घासते का?

रोडस्टरविषयी आपल्याकडे पहिला प्रश्न हाच येतो. उत्तर मात्र अपेक्षेपेक्षा वेगळं आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार स्पीड ब्रेकर ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. गाडी ताशी २५ किमी वेगाने त्यावरून जावी, अशी ती रचना. आता एक दोन सीटर घ्या, जिच्या दोन चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २.४७ मीटर आहे. बीएमडब्ल्यू झेड४ चा साधारण तेवढाच आहे. ही गाडी ब्रेकरच्या बरोबर माथ्यावर उभी असताना पुढची-मागची चारही चाकं ब्रेकरवरच असतात, कारण ब्रेकर गाडीच्या व्हीलबेसपेक्षा रुंद आहे. मग चाकांच्या पातळीपासून ब्रेकरचा माथा किती वर येतो? वर्तुळाच्या भूमितीने काढलं तर फक्त ४५ मिमी. एमएक्स-५ चा व्हीलबेस २.३१ मीटर, तिच्यासाठी हे उत्तर ३९ मिमी येतं. या प्रकारच्या गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स ढोबळमानाने ११० ते १४० मिमी असतो. म्हणजे नियमात बसणाऱ्या ब्रेकरवर रोडस्टर घासायचं कारणच नाही.

घासते ती नियमबाह्य ब्रेकरवर. गल्लीच्या तोंडाशी रातोरात टाकलेला सिमेंटचा उंचवटा, जेमतेम फूटभर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच. पुढची चाकं त्यावरून उतरली की चारही चाकं सपाट रस्त्यावर आणि उंचवटा बरोबर पोटाखाली. ११५ मिमीच्या फटीतून १५० मिमी कसे जाणार? १६३ मिमी क्लिअरन्सची स्विफ्टही चार माणसं बसल्यावर तिथे आवाज करते. गाडी तिरकी घेतल्याने थोडी मदत होते, कारण एखादं चाक उंचवट्यावर राहून गाडीला उचलून धरतं. ब्रेकरवर चढण्याआधी ब्रेक सोडणं त्याहून उपयोगी. ब्रेक दाबलेला असताना पुढचा भाग आणखी खाली दबलेला असतो.

हेच गणित बेसमेंटच्या रॅम्पला लावा. रॅम्प संपून सपाट भाग सुरू होतो, तिथे पोट टेकायचा धोका असतो. ११५ मिमी क्लिअरन्स आणि २.४७ मीटर व्हीलबेस असेल तर साधारण साडेदहा अंशांपर्यंतचा कोन ही गाडी पार करते. १:१० चा उतार म्हणजे ५.७ अंश, १:८ म्हणजे ७.१ अंश. दोन्हीकडे चिंता नाही. जागा वाचवण्यासाठी कुणी १:५ चा रॅम्प बांधला असेल तर तो ११.३ अंशांचा, आणि तिथे टोकाला गोलाई दिलेली नसेल तर गाडी टेकणार. टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या रस्त्यावर न घेता आपल्या सोसायटीच्या रॅम्पवर घेतली पाहिजे, ती याचसाठी. सेल्समन नाखूश होईल, होऊ द्या.

छत उघडून फिरायचे दिवस किती?

महाराष्ट्रात प्रामाणिक उत्तर द्यायचं तर फार नाहीत. जून ते सप्टेंबर पाऊस. मार्च ते मे दुपारच्या उन्हात उघडं छत ही शिक्षाच आहे. उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे महिने आणि एरवीच्या काही पहाटा-रात्री. त्यातही शहरात रोडस्टरमध्ये बसलेल्या माणसाचं नाक साधारण बसच्या चाकाच्या उंचीवर असतं. सिग्नलला शेजारच्या ट्रकचा धूर आणि धूळ थेट वाट्याला येते.

आवाजाचा मुद्दा फारसा कुणी काढत नाही. हायवेच्या वेगात छत उघडं असेल तर कानाशी आवाज ८५ डेसिबलच्या वर जाऊ शकतो. दिवसातले आठ तास सतत ऐकण्यासाठी ८५ ही सर्वसाधारणपणे सुरक्षित मानली जाणारी मर्यादा आहे आणि पुढे दर तीन डेसिबलमागे तो वेळ निम्मा होतो. एखाद्या रविवारी काही बिघडत नाही. मात्र रोज तासभर एक्स्प्रेस-वेने जाणाऱ्याने काचा वर ठेवलेल्या बऱ्या.

पावसाचं काय? कापडी छत गळतं, हा समज बराचसा जुना. आधुनिक छतं अनेक थरांची असतात आणि मुसळधार पाऊसही सोसतात. एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत मागची काच प्लॅस्टिकची होती, पुढच्या पिढीत खरी काच आली. अडचण छतापेक्षा निचऱ्याची आहे. छतावरून वाहणारं पाणी सीटमागच्या दोन छिद्रांमधून नळीवाटे गाडीखाली सोडलेलं असतं. या छिद्रांत पानं-माती अडकली की पाणी आत, गालिच्याखाली साचतं आणि पत्रा आतून गंजायला लागतो. जुन्या एमएक्स-५ चा हा जगभर माहीत असलेला आजार आहे. गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्याने मे महिन्याच्या शेवटी लवचीक तार घालून ही छिद्रं साफ करून घ्यावीत. पाच मिनिटांचं काम आहे.

रस्त्यावर पाणी साचलं तर मात्र रोडस्टर घेऊन जाऊच नये. गाडीची जमीनच रस्त्यापासून वीतभर उंचीवर असते. जिथे एसयूव्हीवाला सहज निघून जातो, तिथे हिच्या दारातून पाणी आत येतं.

सुरक्षित आहे का?

रचनेच्या बाजूने बऱ्यापैकी. सध्याच्या एमएक्स-५ ला २०१५ मध्ये युरो एनकॅपने पाचपैकी चार तारे दिले होते. छत नसल्याने येणारी कमतरता भरून काढण्यासाठी अशा गाड्यांमध्ये पुढच्या काचेची चौकट मजबूत केलेली असते आणि अनेकींत सीटमागे गाडी उलटल्यास आधार देणाऱ्या कमानी असतात.

आपल्या रस्त्यांवर मला जास्त काळजी वाटते ती दिसण्याची. सव्वा मीटर उंचीची गाडी ट्रकच्या डाव्या बाजूला आली की चालकाच्या नजरेतून सहज गायब होते. छत बंद असताना आपल्यालाही मागचं तिरकं कमीच दिसतं. दुचाकीवर असताना ट्रकपासून जसं अंतर राखतो, तसंच इथे राखावं लागतं.

चढ-उताराचंही बोलायला हवं. या गाडीत आपण बसत नाही, उतरतो. आणि बाहेर येताना चढतो. पंचविशीत गंमत वाटते. गुडघे दुखणाऱ्या काकांना किंवा साडी नेसलेल्या आजींना त्यात बसवणं गमतीचं नाही. दोन दारांच्या गाड्यांची दारं लांब असतात, त्यामुळे खेटून लावलेल्या पार्किंगमध्ये दार पुरतं उघडत नाही, तो त्रास वेगळा.

भारतात पर्याय कोणते, आणि परवडतात का?

खरी मेख इथे आहे. माझ्दा भारतात अधिकृतपणे गाड्या विकत नाही. अमेरिकेत एमएक्स-५ साधारण ३० हजार डॉलरपासून मिळते. तिथल्या नव्या गाडीच्या सरासरी किमतीपेक्षा हे बरंच कमी आहे, म्हणून तिथे नुकता नोकरीला लागलेला एखादा मराठी इंजिनीअरही ती पहिली गाडी म्हणून घेऊ शकतो. इंधनाचाही बाऊ नाही. तिथल्या सरकारी चाचणीत लिटरला साधारण १२ किमी मिळतात.

आपल्याकडे सुरुवातच वरून होते. सायबरस्टर लाँचच्या वेळी ७४.९९ लाख रुपयांना आली. ७७ किलोवॉट-तासाची बॅटरी, ५१० अश्वशक्ती, शंभरचा वेग ३.२ सेकंदांत आणि कंपनीच्या दाव्यानुसार एका चार्जमध्ये ५८० किमी. रोज ४०-५० किमी धावणाऱ्याला आठवड्यातून एकदा-दोनदा चार्जिंग पुरेल. दारं कात्रीसारखी वर उघडतात, त्यामुळे शेजारच्या गाडीला लागण्याची भीती कमी, पण बेसमेंटचं छत किंवा पाइप खाली असतील तर आधी पाहून घ्यावं. वजन जवळपास दोन टन, म्हणजे एमएक्स-५ च्या दुपटीच्या घरात. झेड४ ची एम४०आय आवृत्ती २०२३ मध्ये ८९.३० लाखांना आली होती. तिची डिकी २८१ लिटरची, चक्क स्विफ्टपेक्षा मोठी.

तेव्हा सोयीच्या बाबतीत या गाड्या एमएक्स-५ पेक्षा उजव्याच आहेत. पण ७५-९० लाखांची गाडी घेणाऱ्याच्या घरी बहुधा आणखी दोन गाड्या उभ्या असतात. ‘रोज चालेल का’ हा प्रश्न त्याला पडत नाही. ज्याला पडतो, त्याच्यासाठी बाजारात गाडीच नाही. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने स्टॉर्म नावाची छोटी रोडस्टर इथेच बनवली होती, फायबरग्लासची बॉडी आणि रेनोचं १.२ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं इंजिन. ती मोजकीच विकली गेली. आज कुणी पुन्हा प्रयत्न केला तरी कररचना आडवी येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटीचा लाभ मिळायला पेट्रोल गाडी चार मीटरच्या आत आणि इंजिन १,२०० सीसीपर्यंतच हवं. एमएक्स-५ लांबीत बसते, पण जपानमधल्या तिच्या सर्वांत लहान इंजिनाची क्षमताही १.५ लिटर आहे. म्हणजे थेट ४० टक्क्यांचा गट.

मग कुणी घ्यावी?

घरात दुसरी चार-पाच सीटची गाडी आहे, ऑफिसचा रस्ता बरा आहे, पार्किंग झाकलेलं आहे आणि बहुतेक वेळा गाडीत एक किंवा दोनच माणसं असतात, अशांना रोडस्टर रोज चालवायला माझ्या मते काहीच हरकत नाही. परदेशात राहणाऱ्या एकट्या-दुकट्यांना तर ती एकमेव गाडी म्हणूनही जमते. महाराष्ट्रात एकमेव गाडी म्हणून मात्र नको.

तरीही मन ऐकत नसेल तर बुकिंगच्या आधी तीन गोष्टी करा. रोजच्या रस्त्यावरचे ब्रेकर एकदा टेपने मोजा, ११ सेंटिमीटरच्या वरचे अरुंद किती आहेत ते लिहून ठेवा. विम्याचं कोटेशन आणि छताच्या दुरुस्तीचा खर्च लेखी मागा. आणि टेस्ट ड्राइव्ह शक्यतो जुलैमध्ये घ्या, छत बंद करून, संध्याकाळी सहाच्या ट्रॅफिकमध्ये.