मुलाम्याचें निदान

पितळ उजळावयाचें तर चिंच आणि चांदी उजळावयाची तर रांगोळी, हें ज्ञान आपल्या घरांतून आजीकडून नातीकडे चालत आलेलें आहे. परंतु जुन्या मोटारीच्या समोरील फलकावर ज्या रुपेरी पट्ट्या असतात, त्या कशा उजळाव्या हें आजीस ठाऊक नसतें. मजसारख्या निवृत्त शिक्षकास तर नव्हतेंच. तें अज्ञान मला कसें महागांत पडलें, तें प्रथम सांगतों.

माझ्या कैलासवासी वडीलबंधूंनीं १९७४ सालीं घेतलेली मोटार आमच्या वाड्यांत अद्याप आहे. पुतण्यानें ती खटपट करून पुन्हा चालू केली, आणि वहिनींस तींतून देवदर्शनास न्यावयाचें ठरलें. आदल्या संध्याकाळीं, आपलाही हातभार लागावा म्हणून, पितळी भांड्यांचा लेप फडक्यावर घेऊन मीं ती मळकट पट्टी घासावयास घेतली. फडकें करडें झालें. मळ निघत आहे असें समजून मीं अधिकच जोर केला. पाहतों तों चार बोटें जागेवरील चकाकी जाऊन खालचें प्लास्टिक उघडें पडलेलें! वहिनी रागावल्या नाहींत. "भावोजी, राहूं द्या," एवढेंच म्हणाल्या. पण तेवढ्यानेंच मान खालीं गेली.

पुढें पुतण्यानें मला जें समजाविलें, तें वाचकांच्याही उपयोगी पडेल. हा मुलामा दोन जातींचा असतो. पहिला विजेनें चढविलेला. ए.बी.एस. नांवाच्या प्लास्टिकचा पृष्ठभाग आम्लानें सूक्ष्म खरबरीत करून त्यावर आधीं रासायनिक क्रियेनें धातूचा पातळ थर बसवितात. त्यायोगें तें वीजवाहक झालें, म्हणजे तांबें, निकेल व शेवटीं क्रोमियम असे थर विजेनें चढवितात. (१७९७ सालीं वोकलँ या फ्रेंच रसायनज्ञानें शोधलेल्या या धातूचें नांव 'रंग' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलें आहे.) दुसऱ्या जातींत क्रोमियम नसतेंच. निर्वात पात्रांत अल्युमिनियमची वाफ करून ती वार्निश दिलेल्या प्लास्टिकवर बसूं देतात, व वर पारदर्शक लेप देतात. हा धातूचा थर मिलिमीटरच्या सुमारें दहा हजाराव्या भागाइतकाच असतो. वरचा लेप झिजला, कीं त्यास कोणी त्राता नाहीं.

म्हणून आधीं निदान, मग चिकित्सा. मल्टिमीटरचीं दोन टोकें पट्टीवर थोड्या अंतरानें टेकवावीं. वीज वाहिली तर मुलामा पहिल्या जातीचा. न वाहिली तर बहुधा दुसऱ्या, कारण वरचा लेप विजेस अडवितो.

पहिल्या जातीस साबणाचें पाणी, मऊ कापड आणि अगदींच गरज पडल्यास क्रोमसाठीं मिळणारा सौम्य लेप चालतो. फोड आले असतील, तर मात्र सारा मुलामा उतरवून नवा चढविणें हाच उपाय. दुसऱ्या जातीस केवळ साबणाचें कोमट पाणी व कापसाचा हलका हात. थिनर, पेट्रोल, खरखरीत लेप हीं सर्व वर्ज्य. कॉस्टिक सोड्यांत तर अल्युमिनियम विरघळूनच जातें. लहान ओरखडा क्रोमशाईच्या लेखणीनें झांकतां येतो. सपाट जागीं मागें गोंद असलेली रुपेरी पन्नी मध्यापासून कडांकडे दाबीत बसवितां येते. परंतु पूर्वीचें तेज हवें, तर पट्टी निर्वात मुलाम्याच्या कारखान्यांतच धाडावी. तत्पूर्वीं ओल्या बारीक पॉलिशकागदानें ती गुळगुळीत करावी, कारण आरशासारख्या थराखालीं लहानसा ओरखडाही लपत नाहीं. पट्टी काढतांना घाई नको. जुन्या प्लास्टिकच्या खुंट्या ठिसूळ झालेल्या असतात.

आमची पट्टी अशीच धाडली, व ती नव्यासारखी होऊन आली. उत्साहाच्या भरांत पुतण्या म्हणाला, "काका, खणाच्या झांकणावरची मूठही देऊन टाकूं, तिचाही मुलामा गेला आहे." ती मूठ दादांच्याच आंगठ्यानें वर्षानुवर्षें झिजलेली. मी होकार देणार, तोंच वहिनी शेजारीं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनीं त्या जागेवरून एकदां बोट फिरविलें आणि म्हणाल्या, "ती राहूं द्या."

ती तशीच आहे.