भूपेनदांचा लुइत

मराठी रसिकाला भूपेन हजारिका भेटले ते बहुधा ‘रुदाली’तून. १९९३चा चित्रपट, गुलजारांचे शब्द आणि ‘दिल हूम हूम करे’. ती चाल राजस्थानच्या वाळूत अशी रुजली, की तिथलीच वाटावी. प्रत्यक्षात भूपेनदांनी ती साठच्या दशकातल्या ‘मणिराम देवान’ या असमिया चित्रपटासाठी बांधली होती. आपल्या कानावर त्यांचं नाव पडलं, तेव्हा त्यांचं खरं मोठं काम होऊन कैक वर्षं लोटली होती. जन्मशताब्दीच्या निमित्ताने ते काम पाहायचं, तर त्यांची हिंदी गाणी जरा बाजूला ठेवायला हवीत.

जन्म ८ सप्टेंबर १९२६चा, सदियातला. बालपणाची महत्त्वाची वर्षं गेली तेजपूरला, आणि तेजपुरात ज्योतिप्रसाद अगरवाला व विष्णुप्रसाद राभा होते. नाटक, नृत्य, सिनेमा आणि स्वातंत्र्यलढा या गोष्टी या दोघांच्या लेखी वेगळ्या नव्हत्याच. आईकडून ऐकलेली लोकगीतं आणि शंकरदेव-माधवदेव या संतकवींची बरगीतं गाणारा हा मुलगा त्यांनी हेरला. (आपल्याकडे अभंगाचं जे स्थान, तेच आसामच्या नामघरांत, म्हणजे प्रार्थनागृहांत, बरगीताचं.) अगरवालांच्या १९३९च्या ‘इंद्रमालती’त तो गायला. त्याच सुमारास त्याने स्वतःचं गीत रचलं, आणि त्यात नवा आसाम घडवण्याची भाषा होती. तेरा वर्षांच्या पोराची ही भाषा पुढे आयुष्यभर टिकली.

बनारसहून १९४६ला एम. ए. झाल्यावर ते १९४९ला न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात गेले. प्रौढशिक्षणात दृक्-श्राव्य साधनं कशी वापरता येतील, या विषयावर त्यांनी डॉक्टरेट केली. पण तिथली त्यांची खरी कमाई म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकी गायक पॉल रोबसन. रोबसन गात ते ‘ओल मॅन रिव्हर’ हे गाणं मूळचं १९२७च्या ‘शो बोट’ या संगीतिकेतलं, जेरोम कर्न यांच्या चालीतलं, ऑस्कर हॅमरस्टाइन यांनी लिहिलेलं. कृष्णवर्णीय मजूर राबराब राबतो आणि मिसिसिपी निमूट वाहत राहते, असा त्याचा भाव. रोबसन यांनी मैफलींत त्याचे शब्द बदलून त्यातली हतबलता काढून टाकली आणि लढण्याची जिद्द आणली. भूपेनदा आणखी पुढे गेले. ‘बिस्तीर्ण पारोरे’मध्ये माणूस नदीविषयी बोलत नाही, तो थेट नदीला जाब विचारतो. दोन्ही काठांवर माणसं आक्रोश करताहेत आणि तू वाहतोस कसा, असा सवाल तो लुइतला, म्हणजे ब्रह्मपुत्रेला करतो. दरवर्षी जिच्या पुरात शेतं आणि घरं जातात, त्या नदीला असा सवाल करणं आसामी माणसाला किती झोंबलं असेल! नरेंद्र शर्मांच्या हिंदी रूपात लुइतच्या जागी गंगा आली आणि गाणं देशभर पोचलं. तरीही माझं मन असमिया रूपाकडेच ओढ घेतं. तिथे तक्रार घरातल्या वडीलधाऱ्याकडे केल्यासारखी आहे, म्हणून ती जास्त धारदार आहे.

लोकसंगीत त्यांनी कसं वापरलं, हे पाहायचं तर ‘डोला’ ऐकावं. पालखीच्या भोयांच्या चालण्याची लय, त्यांचे हुंकार, चढावरचा दम हे सगळं चालीतच आहे. खांद्यावर राजा, त्याचं रेशीम झळकतंय आणि भोयाच्या पोराला सणालाही नवा कपडा नाही. शेवटी इशारा येतो, की पालखी एकदा खांद्यावरून निसटली तर पुन्हा उचलली जाणार नाही. श्रमाची लय हाच इथे निषेध होतो. लोकधून घेऊन तिच्यावर घोषणा चिकटवणारे पुष्कळ असतात; ही जात निराळी.

‘एरा बाटर सुर’ हा त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट १९५६चा. त्यात त्यांनी लता मंगेशकरांकडून असमिया गाणं गाऊन घेतलं. म्हणजे ‘रुदाली’च्या जवळपास चार दशकं आधीपासून लताबाईंचा आवाज त्यांच्या चालींशी जोडलेला होता. गोआलपाड्याची गाणी गाणाऱ्या प्रतिमा बरुआंचा आवाजही त्यांनी याच चित्रपटात आणला.

१९६०ला आसामात भाषिक दंगली पेटल्या. असमिया आणि बंगाली माणसं एकमेकांच्या जिवावर उठली, तेव्हा भूपेनदा आणि ‘इप्टा’ या डाव्या नाट्यचळवळीतले, सिल्हेटचे गायक हेमांग विश्वास कलावंतांचं पथक घेऊन दंगलग्रस्त भागांत हिंडले. हाराधन हा बंगाली आणि रंगमन हा असमिया, अशा दोन गरिबांचं गाणं दोघे आपापल्या भाषेत गात. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला हा सर्वोच्च क्षण आहे. सगळे पुरस्कार त्याच्यापुढे फिके आहेत, मग ते १९९२चं फाळके असो की मरणोत्तर, २०१९चं भारतरत्न.

राजकारणातही ते उतरले. १९६७ला ते अपक्ष आमदार झाले. २००४ला भाजपच्या उमेदवारीवर गुवाहाटीतून लोकसभेला उभे राहिले आणि हरले. डाव्या चळवळीच्या वाऱ्यात वाढलेल्या या गायकाचा हा निर्णय अनेक चाहत्यांना लागला, मलाही. मतदारांनी उमेदवार नाकारला. गाणी मात्र त्यांच्याच ओठांवर राहिली. ५ नोव्हेंबर २०११ला मुंबईत भूपेनदा गेले. गुवाहाटीत अंत्यदर्शनाला लाखोंची रीघ लागली, लोक रांगेत त्यांचीच गाणी गात होते, आणि गर्दी सरेना म्हणून अंत्यसंस्कार एक दिवस पुढे ढकलावे लागले.