व्हायोला आणि डाव्या हाताची चार बोटे

गेल्या पालकसभेत एका आजोबांनी आम्हांला उभे राहून विचारले, "सर, गावकीचे वाजवणे सोडताना आमच्या पिढीने किती सोसले! आता नातवाच्या हाती पुन्हा वाद्यच का?" प्रश्न रास्त होता. बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिनचे धडे घेतले आणि त्यांचे व्हायोलिन पुण्याच्या सिम्बायोसिसमधील संग्रहालयात जतन केले आहे, हे आम्ही सांगितले. हुकमाने वाजवणे वेगळे आणि स्वेच्छेने शिकणे वेगळे, हेही सांगितले. त्यावर ते म्हणाले, "मग तो नेमके काय शिकतो, ते तरी कळू द्या." त्या दिवशी आम्हांला ते नीट सांगता आले नाही, म्हणून हा लेख.

व्हायोला हा व्हायोलिनचा थोरला भाऊ. व्हायोलिनची पेटी साडेपस्तीस सेंटिमीटरची, व्हायोलाची साधारण चाळीसची. जाड तारेकडून बारीक तारेकडे सी, जी, डी, ए असे सूर. लहान मुलांना एवढे वाद्य पेलत नाही, म्हणून त्यांच्या व्हायोलिनवरच व्हायोलाच्या तारा चढवतात.

पहिला धडा बोटांचा नसून भाराचा असतो. वाद्य खांदा आणि हनुवटी यांनी तोलायचे. डाव्या हाताने धरायचे नाही. मुले दांडी क्रिकेटच्या बॅटीसारखी आवळतात आणि मग बोटे हलतच नाहीत. अंगठा दांडीला नुसता टेकलेला, मनगट सरळ, बोटे कमानीसारखी वाकलेली, नखे कापलेली. अंगठ्याला क्रमांक नाही. तर्जनी एक, करंगळी चार. की-बोर्ड शिकलेली मुले अंगठ्यापासून मोजतात आणि काही दिवस गोंधळतात.

मोकळी तार सा मानली, तर पहिले बोट रे, दुसरे ग, तिसरे म, चौथे प. या पट्टीवर सतारीसारखे पडदे नाहीत; जागा कानानेच शोधावी लागते. तरीही तिला हिशेब आहे. वरच्या टोकापासून घोडीपर्यंतच्या तारेच्या नवव्या भागावर रे, पाचव्या भागावर ग, चौथ्यावर म आणि तिसऱ्यावर प. तार ३७ सेंटिमीटर असेल, तर रे सुमारे ४.१ सेंटिमीटरवर आणि प १२.३ वर येतो. म्हणजे तर्जनी ते करंगळी आठ सेंटिमीटरहून अधिक ताण. ग आणि म यांत मात्र दोन सेंटिमीटरही नाहीत, म्हणून दुसरे व तिसरे बोट जवळजवळ चिकटते. कोमल ग हवा असेल, तर दुसरे बोट मागे सरकून पहिल्याला भिडते.

पहिल्या वर्षी आम्ही खुणेसाठी रंगीत चिकटपट्ट्या लावल्या, त्याही व्हायोलिनच्या मापाने. तिथे तार ३३ सेंटिमीटर, म्हणून रे ३.७ वर. परिणामी आमच्या वर्गाचा प्रत्येक रे उतरलेला! चूक सर्वस्वी आमची होती. माजी विद्यार्थ्यांपैकी काहींना तो सूर अजून आठवत असेल.

आता खात्री कानाने करतो. चौथ्या बोटाचा प शेजारच्या बारीक मोकळ्या तारेशी तंतोतंत जुळला पाहिजे. डी तारेवर तिसरे बोट म वर नेमके पडले, की शेजारची जी तार न छेडताच झणझणते. मुलांचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा असतो.

जाड सी तारेवर जाताना बोटे ताणायची नाहीत. कोपर वाद्याखाली आत, उजवीकडे न्यायचे. व्हायोलावर हे व्हायोलिनपेक्षा अधिक करावे लागते. हिंदुस्थानी पद्धतीत वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे टोक पायाशी टेकवतो, त्यामुळे हात मोकळा होऊन मींड घेता येते. डोंबिवलीत वास्तव्य केलेले पं. गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) हे त्या परंपरेतले मोठे नाव. आमच्या वर्गात मात्र सध्या उभे राहूनच शिकवतो.

कळव्यात लोकल गेली, की सूर ऐकू येत नाही. तेवढा वेळ गज खाली ठेवून मुले बोटे नुसती ठेवतात आणि उचलतात. दाबणे कमी, सोडणे चपळ. करंगळीला हा सराव सर्वांत अधिक लागतो.

त्या आजोबांचा नातू सध्या डी तारेवर आहे. जी तार त्याच्या म ला साद देते. करंगळी मात्र अजून प च्या अलीकडेच पडते.