रात्रीच्या वाटेवरचा दिवा

अस्थिरोगतज्ज्ञ या नात्याने, खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्ध रुग्णांना मी "कसे पडलात?" असे विचारतो, तेव्हा "रात्री लघवीला उठलो होतो" हे उत्तर वारंवार कानी येते. दिव्याचे बटण दाराजवळ, पलंग खोलीच्या दुसऱ्या टोकाला आणि मधे काळोख. ही सहा-सात पावलांची वाट आपोआप उजळणारा हालचाल व प्रकाश यांचा सेन्सर आता आपल्या अनेक घरांत आला आहे. मात्र तो नेमके काय जाणतो, हे समजून घेतले तरच त्याचा खरा उपयोग होतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

हा सेन्सर माणूस ओळखत नाही. तो उष्णतेचे स्थलांतर ओळखतो. आपल्या त्वचेतून अवरक्त किरण सतत बाहेर पडत असतात. त्यांची तरंगलांबी सुमारे 9 ते 10 मायक्रोमीटर असते. सेन्सरमध्ये उष्णतासंवेदी स्फटिकाचे दोन भाग परस्परविरुद्ध जोडलेले असतात. सगळी खोली सारखीच तापली, तर दोहोंचे संकेत एकमेकांना छेदतात. माणूस एका भागासमोरून दुसऱ्यासमोर सरकला, की संकेत उमटतो. त्यामुळे सेन्सरच्या दिशेने सरळ येणाऱ्यापेक्षा समोरून आडवा जाणारा त्याला लवकर जाणवतो. तो पलंगाच्या कडेला, गुडघ्याच्या उंचीखाली बसवावा. म्हणजे पाय जमिनीला टेकण्यापूर्वीच दिवा लागेल. हे किरण काचेतून आरपार जात नाहीत, हेही ध्यानात असावे.

आपल्या बडोद्यात वैशाखात भिंती रात्रीही तापलेल्या असतात. देह आणि परिसर यांच्या तापमानातील अंतर जितके कमी, तितका हा सेन्सर मंद होतो. म्हणून हिवाळ्यात बसवलेल्या सेन्सरची परीक्षा उन्हाळ्यात पुन्हा घ्यावी.

प्रकाश मोजणाऱ्या भागाचे काम वेगळे. उजेड ठरावीक मर्यादेखाली गेल्यावरच दिवा लागावा, हे तो पाहतो. ही मर्यादा 5 ते 10 लक्सच्या आसपास ठेवून आपल्या खोलीप्रमाणे कमीजास्त करावी. खिडकीतून रस्त्यावरचा दिवा त्याच्यावर पडला, तर तो खोलीत पुरेसा उजेड असल्याचे समजेल. त्याच्या स्वतःच्याच दिव्याचा प्रकाश त्याच्यावर पडला, तर काही उपकरणांत दिव्याची उघडझाप सुरू होते.

दिवा कोणता असावा, हा मात्र आपल्या शास्त्राचा प्रश्न. अंधाराला डोळे पूर्णपणे सरावण्यास 20 ते 30 मिनिटे लागतात. वार्धक्यात त्याहून अधिक. अशा डोळ्यांवर छताचा पांढरा दिवा एकदम पडला, की दिपून जायला होते. शिवाय 480 नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर प्रकाश मेलाटोनिन दडपतो व झोप उडवतो. म्हणून जमिनीलगत, डोळ्यांत न जाणारा, मंद पिवळसर-तांबूस दिवा उत्तम. उंबरा व पायपुसणे त्यात स्पष्ट दिसले पाहिजे.

दिवा किती वेळ राहावा, यालाही महत्त्व आहे. शौचालयात स्थिर बसलेली व्यक्ती या सेन्सरला जाणवत नाही आणि ऐन वेळी अंधार होतो. तेथे निराळा सेन्सर लावून 10 ते 15 मिनिटांची मुदत द्यावी. स्मार्ट बल्बचे भिंतीवरचे बटण बंद केले, तर सारी योजना व्यर्थ ठरते. काटकसरीची सवय असलेल्या आपल्या ज्येष्ठांना हे आवर्जून समजावून सांगावे. वीज गेल्यावरही चालणारा बॅटरीचा एक दिवा वाटेवर असावाच.

एक इशारा. पडून निश्चल राहिलेली व्यक्तीही या सेन्सरला दिसत नाही. त्यावर विसंबून वृद्धांना एकटे ठेवू नये. तसेच मूत्रल औषधाची वेळ, उभे राहताना उतरणारा रक्तदाब, झोपेच्या गोळ्या यांचा विचार दिव्याने टळत नाही. रात्री किती वेळा उठणे झाले, याची नोंद अनेक यंत्रणा ठेवतात. ती डॉक्टरांना उपयोगी असली, तरी परगावच्या मुलांनी ती आईवडिलांच्या संमतीनेच पाहावी.

आपण सर्वांनी वृद्ध रुग्णांना औषधांच्या चिठ्ठीबरोबरच "रात्रीच्या वाटेवर दिवा आहे ना?" एवढा एक प्रश्न विचारावा, अशी माझी नम्र विनंती आहे.