देवगिरीच्या आधी चेऊल

माजरीसारख्या जंक्शनाच्या गावी, जेथे वर्धा-बल्लारशा लोहमार्गास वणीचा फाटा फुटतो आणि कोळशाच्या खाणींमुळे दहा मुलखांची माणसे एका बाजारात मिळतात, तेथे कोणता वाद केव्हा निघेल याचा नेम नसतो. परवा तेथील एका पेढीवर आम्ही बसलो असता दोन व्यापाऱ्यांत इतिहासाचा तंटा जुंपला. एक म्हणाले, इस्लाम महाराष्ट्रात आला तो १२९६ साली देवगिरीवर चालून आलेल्या अल्लाउद्दिनाच्या घोड्यांमागून. दुसऱ्या मुसलमान गृहस्थांनीही ते नाकारले नाही. उलट, "जिंकून आलो, भीक मागून नव्हे," असे अभिमानाने सांगितले. जी गोष्ट उभयपक्षी कबूल असते तिला पुरावा लागत नाही, हा कोर्टातला नियम खरा. परंतु येथे उभयपक्षी कबूल असलेली गोष्टच खोटी आहे, म्हणून आम्हांस लेखणी उचलणे भाग पडले.

इस्लामचा उगमच मुळी व्यापाऱ्यांच्या नगरात झाला. सन ५७० च्या सुमारास मक्केत जन्मलेले महंमद पैगंबर स्वतः उंटांच्या तांड्यांबरोबर व्यापारास गेलेले होते. ६२२ साली ते मदिनेस गेले व ६३२ साली निवर्तले; आणि त्यानंतर शंभर वर्षांच्या आत त्यांच्या अनुयायांचे राज्य स्पेनपासून सिंधपर्यंत पसरले. ही वाढ तलवारीने झाली हे कोणी शहाणा नाकारणार नाही. पण ७६२ साली तैग्रिस नदीकाठी बगदाद वसले आणि बसरा व सिराफ या बंदरांतून आमच्या किनाऱ्याकडे गलबतांची रीघ लागली, तेव्हा त्या संस्कृतीचे दुसरे अंग पुढे आले. आमच्या ज्योतिषाचे सिद्धांतग्रंथ आणि दशमान अंक बगदादेस पोहोचले ते याच काळात.

आमच्या भूमीवर तलवार आलीच नव्हती असेही नाही. ६३६ च्या सुमारास बहरैन व ओमानच्या सुभेदाराने ठाण्यावर आरमार पाठविले. परंतु खलिफा उमर यांस ते रुचले नाही व त्यांनी सुभेदाराची कडक शब्दांत कानउघाडणी केली, असे बलाधुरी हा अरब इतिहासकारच लिहितो. पुढे सिंधकडून आलेली ताजिकांची, म्हणजे अरबांची, फौज नवसारीपाशी चालुक्यांच्या अवनिजनाश्रय पुलकेशीने मोडली. त्याचा ७३९ सालचा ताम्रपट उपलब्ध आहे. तलवार नवसारीस अडली. गलबते मात्र चेऊलास लागत राहिली.

त्या चेऊलास अरब लोक सैमूर म्हणत. हिजरी ३०४, म्हणजे सन ९१६ च्या सुमारास, अल्-मसूदी हा प्रवासी तेथे होता. त्या वेळी मान्यखेटच्या राष्ट्रकूटांचे साम्राज्य होते व त्यांचा मांडलिक झंझ शिलाहार उत्तर कोकणावर राज्य करीत होता. मसूदी सांगतो की, चेऊलात सुमारे दहा हजार मुसलमान राहत. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले तर होतेच, पण येथेच जन्मलेलेही होते. त्यांच्या आपसांतील तंट्यांचा निवाडा करण्यास त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे. त्याच्या हुद्द्यास हुनरमन म्हणत. वकिली केलेल्या माणसास या एका गोष्टीपुढे दहा लढाया फिक्या वाटतात. परक्या धर्माच्या प्रजेस तिच्या कायद्याने न्याय मिळावा ही व्यवस्था आमच्या किनाऱ्यावर हजार वर्षांपूर्वी चालू होती, आणि ती करणारा राजा शिवभक्त होता!

यात केवळ औदार्य होते असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. बंदराची जकात राजास हवी होती. शिवाय कनोजचे प्रतिहार हे राष्ट्रकूट व सिंधचे अरब या दोघांचेही वैरी होते. हितसंबंध जुळले म्हणून स्नेह जुळला. व्यापाऱ्यांस हे अधिक समजावून सांगणे नको.

परंतु १९५५ साली डहाणूनजीक चिंचणी येथे सापडलेले ताम्रपट याहीपुढे जातात. त्यांतील शके ८४८, म्हणजे सन ९२६ च्या लेखावरून दिसते की, संजाणच्या मंडलावर राष्ट्रकूट कृष्ण दुसरा याने नेमलेला अधिकारी ताजिक कुळातला होता. लेखात त्याचे नाव मधुमती असे आहे. महंमद या नावाचे हे संस्कृत रूप, असे संशोधक मानतात. त्याने आसपासची बंदरे राजाच्या वतीने ताब्यात आणली, दोन नद्यांवर बिनभाड्याची नाव ठेविली आणि भात, कालवण व तूप मोफत वाढणारे अन्नछत्र घातले. संजाणात अण्णैय नावाच्या ब्राह्मणाने मठिका बांधली होती. तिच्या खर्चासाठी आणि तेथील देवीच्या नैवेद्यासाठी याच मधुमतीने इंद्र तिसरा याच्या अनुमतीने एक गाव व काही जमीन दान दिली.

हे सारे दूर कोकणातले, त्याचा वर्धेकाठच्या आम्हांस काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्यास आम्ही देवळीचा ताम्रपट दाखवू. वर्धा जिल्ह्यातील देवळीस सापडलेले ते ९४० सालचे दानपत्र कृष्ण तिसरा याचे, म्हणजे त्याच राष्ट्रकूट घराण्याचे असून त्यात नागपूर-नंदिवर्धन या प्रदेशाचा उल्लेख आहे. ज्या छत्राखाली संजाणचा महंमद सुभेदारी करून गेला, त्याच छत्राखाली थोड्याच वर्षांनी आमचा मुलूखही होता.

१८१७ साली, हिंदुस्थानात पाऊलही न टाकता, मिल्ल साहेबाने आमच्या इतिहासाची हिंदू, मुसलमान व ब्रिटिश अशी तीन खणांत वाटणी केली. साहेबाचे राज्य १९४७ साली गेले. त्याचे खण मात्र आम्ही अद्याप जपून ठेविले आहेत. चेऊलचा हुनरमन आणि संजाणचा मधुमती त्यांपैकी कोणत्या खणात बसवावयाचे?

ही हकीकत आम्ही त्या पेढीवर सांगितली, तेव्हा दोन्ही गृहस्थ थोडा वेळ स्तब्ध होते. मग ज्यांनी अल्लाउद्दिनाचे नाव काढले होते त्यांनीच हळूच विचारले, "नावेचे भाडे खरोखरच घेत नसत काय?"

ताम्रपटात तसे कोरले आहे, असे आम्ही सांगितले.